कापूस, गुलाम आणि नीतीच्या पोथ्या

नीती म्हणजे काय, माणसानं वागावं कसं, यावर जगात पोथ्यांचे डोंगर रचलेत. ते डोंगर चढायला आपल्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी नववीत शाळा सोडलेला, सूतगिरणीच्या रिंग खात्यात तिन्ही पाळ्यांत फिरणारा माणूस. जे वाचलं ते रद्दीच्या दुकानातून आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन. वाचता वाचता एक गोष्ट खटकत गेली. या पोथ्यांतली उदाहरणं फार गमतीची असतात. दारात खुनी उभा आहे, घरात मित्र लपलाय, खुन्याशी खोटं बोलावं का? कान्ट नावाचा थोर माणूस 1797 साली म्हणाला, बोलू नये. बरं, नाही बोलत. पण आमच्या दारात खुनी असा एकटा, वेळ विचारून येत नाही. आणि ज्याच्या पोटात अन्न नाही असा माणूस या उदाहरणांत कुठं दिसतच नाही.

म्हणून मी एक घडलेली गोष्ट घेतो आणि या सगळ्या थोरांना तिच्यापुढं उभं करतो. गोष्ट आपल्याच जातीची आहे. जात म्हणजे धंद्याची हो, सूत कातणाऱ्यांची.

1861 साल. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांनी गुलामगिरी टिकवण्यासाठी वेगळी चूल मांडली आणि युद्ध पेटलं. एप्रिलात लिंकननं दक्षिणेची बंदरं नाकेबंद केली. तिकडे इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्या. त्यांच्यात जाणाऱ्या दर चार गाठींतल्या तीन तरी या दक्षिणेतून यायच्या, आणि त्या वेचणारे हात गुलामांचे. 1860 च्या शिरगणतीत अमेरिकेत 39 लाख 53 हजारांवर गुलाम मोजलेत. मळेवाल्यांचा हिशेब सरळ होता. कापूस थांबला की लँकेशायर उपाशी, उपाशी लँकेशायर आपल्या सरकारच्या छातीवर बसणार, मग इंग्रजी आरमार येऊन नाकेबंदी फोडणार. म्हणून पहिल्या वर्षी त्यांनी स्वतःच कापूस अडवून धरला, काही ठिकाणी जाळला. कामगाराची भूक हे त्यांचं हत्यार. नीट बघा, मालक अटलांटिकच्या त्या काठाला आणि भूक या काठाला.

भूक आली. 1862 च्या डिसेंबरात लँकेशायर आणि आसपासचे मिळून जवळजवळ पाच लाख लोक मदतीच्या भाकरीवर जगत होते. कातणारे, विणणारे, चांगले कसबी लोक रस्त्यासाठी खडी फोडायला बसवले. पोरींना शिवणवर्गात बसवून दिवसाचे दोन पैसे. घरातलं भांडं विकलं, अंथरूण विकलं. आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. त्या सभेनं लिंकनला पत्र धाडलं. मतलब असा, की तुमचं गुलाम सोडवायचं काम अर्धवट ठेवू नका, आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. दुसऱ्या दिवशी, 1 जानेवारी 1863 ला, लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा लागू झाला. 19 जानेवारीला लिंकननं मँचेस्टरच्या कामगारांना उत्तर दिलं. त्यांच्या सोसण्याची त्याला जाण होती, आणि असं धैर्य कुठल्या देशात, कुठल्या काळात याहून मोठं झालं नाही असा त्याचा भाव. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कहून पिठानं भरलेलं एक जहाज लिव्हरपूलला लागलं.

इथं मी जरा थांबतो. कारण ही गोष्ट अशीच सांगितली तर ती कीर्तनातली होते. सगळे कामगार असे नव्हते. लँकेशायरातल्या काही गावांत दक्षिणेला मान्यता द्या, नाकेबंदी फोडा, अशाही सभा झाल्या. पोटानं केलेले ठराव होते ते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. 1863 च्या मार्चात स्टेलीब्रिजला दंगा झाला, कारण मदत कमी केली आणि रोख पैशांच्या जागी चिठ्ठ्या हातात ठेवल्या. आणखी एक. सगळी उपासमार नाकेबंदीमुळं नव्हती. आधीच्या दोन वर्षांत मालकांनी माल वारेमाप काढून ठेवला होता, गोदामं भरलेली. गिरणी बंद ठेवून जुना माल चढ्या भावानं विकणारे मालक त्या दुष्काळात गबर झाले. हे सगळं ध्यानात ठेवून आता विचारायचं, की मँचेस्टरच्या त्या सभेत हात वर करणाऱ्यानं योग्य केलं का? आणि का योग्य?

पहिला बोलवू बेन्थॅमला. याचं पुस्तक 1789 सालचं. सुखदुःखाचा हिशेब मांडा, ज्यात पुष्कळांचं पुष्कळ सुख ते योग्य. बनियाचा तराजू म्हणून आपण हसतो, पण या तराजूत एक मोठी गोष्ट आहे. राजाचं एक वजन आणि भंग्याचं एक वजन. एकाला एक. आपल्या मनूच्या तराजूत असं कधीच नव्हतं, तिथं गुन्हा एक आणि शिक्षा चार वर्णांना चार. बेन्थॅमनं सुख मोजायला सात मापं दिलीत. किती तीव्र, किती काळ, किती खात्रीचं, किती जवळचं, त्यातून पुढं आणखी काय निपजेल, त्यात उलटं काय मिसळलेलं आहे, आणि किती जणांना. आता मोजा. खात्री आणि जवळीक या दोन मापांनी माझ्या पोराची भाकरी जिंकते. ती उद्या सकाळी हवी आहे, आणि नाकेबंदी फुटली तर मिळणार आहे. गुलामांची मुक्ती? लिंकन हरला तर काहीच नाही. पण तीव्रता, काळ आणि संख्या लावली तर पाच लाखांच्या एक-दोन वर्षांच्या उपासापुढं चाळीस लाखांचा पिढ्यांचा फटका. पारडं धाडकन खाली.

पण माझा बेन्थॅमशी खरा तंटा दुसरा आहे. हा हिशेब कोण मांडतो? 1833 साली इंग्लंडनं आपल्या वसाहतींतले गुलाम सोडवण्याचा कायदा केला तेव्हा हिशेब पार्लमेंटनं मांडला. दोन कोटी पौंड भरपाई. कुणाला? मालकांना. त्यांची मालमत्ता गेली, त्यांना दुःख झालं! गुलामाला एक पैसा नाही. भरपाई घेणाऱ्यांत ग्लॅडस्टन नावाच्या मंत्र्याचा बाप होता, त्याला एक लाख पौंडांच्या वर मिळाले. हाच ग्लॅडस्टन 1862 च्या ऑक्टोबरात न्यूकॅसलला जाहीर बोलला, की दक्षिणेच्या पुढाऱ्यांनी एक राष्ट्र घडवलंय. शिकलासवरलेला, ग्रीक कोळून प्यालेला माणूस. खडी फोडणाऱ्याला जे कळलं ते याला कळलं नाही.

बेन्थॅमचा चेला जॉन स्टुअर्ट मिल. गंमत बघा, मिलचा उपयुक्ततावादावरचा प्रबंध 1861 च्या शेवटच्या तीन महिन्यांत एका मासिकात छापून आला, पुस्तक 1863 ला. म्हणजे बरोबर या उपासमारीच्या दोन टोकांना. त्यानं गुरूचा तराजू दुरुस्त केला. सगळी सुखं एका वजनाची नाहीत म्हणाला, आणि न्याय म्हणजे सगळ्यांत जड उपयुक्तता, कारण न्याय नसेल तर कुठलंच सुख सुरक्षित नाही. 1862 च्या फेब्रुवारीत त्यानं अमेरिकेच्या लढ्यावर लेख लिहून उत्तरेची बाजू उघड घेतली. पुढं आत्मचरित्रात लिहिलं, की वरचे आणि मधले वर्ग दक्षिणेकडं धावले तेव्हा कामगार आणि थोडे लेखक-शास्त्रज्ञ तेवढे शहाणे राहिले. मिलला मी मानतो. पण हाच मिल 1823 ते 1858 ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता, आणि 1859 च्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात सुरुवातीलाच सांगून ठेवतो, की मागासलेल्या लोकांना हे लागू नाही, त्यांना चांगला हुकूमशहा बरा. त्याच्या तराजूची तागडी सुएझपर्यंत येऊन थांबायची.

आता कान्ट. 1785 सालचं त्याचं पुस्तक. त्याच साली कार्टराइटनं यंत्रमागाचं पेटंट घेतलं, हा योगायोग मला फार आवडतो. कान्ट म्हणतो, हिशेब बंद. माणूस म्हणजे कुणाच्या कामाचं साधन नव्हे, तो स्वतःच साध्य आहे. त्याला निव्वळ हत्यारासारखं वापरायचं नाही, मग फायदा कितीही होवो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसून राहिलो. आमच्या हजेरीपटावर नावाआधी नंबर असतो. गुलामाला तर बाजारात दात बघून विकत घ्यायचे. कान्टच्या नियमानं प्रश्न एका ओळीत सुटतो. गुलामगिरी चूक, तिच्यावर उभी राहिलेली माझी मजुरीसुद्धा मी मागू शकत नाही. सभेच्या ठरावानं युद्धावर परिणाम झाला की नाही हे कान्टला विचारायचंच नाही. आणि ते खरंही आहे, की त्या कामगारांच्या हातात काय होतं? बहुतेकांना मतसुद्धा नव्हतं. होता तो फक्त आवाज. बेन्थॅमच्या हिशेबात एका आवाजाची किंमत जवळजवळ शून्य. कान्टच्या इथं ती पूर्ण.

पण मला कान्टची एक बाजू सलते. सभेतल्या कामगारांच्या मनात आपलाही स्वार्थ होता. ज्या देशात कामगाराला मत आहे तो देश हरला तर आपल्याला कधी मत मिळणार, असं ते उघड म्हणत. पुढं 1867 च्या कायद्यानं शहरातल्या बऱ्याच कामगारांना मत मिळालं, आणि लँकेशायरच्या वागण्याचा दाखला त्यासाठी दिला तो खुद्द ग्लॅडस्टननं. कान्ट म्हणेल, कर्तव्य निव्वळ कर्तव्यासाठी केलं नाही तर त्याला नैतिक मोल नाही. हे मला पटत नाही. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यालाच निखळ कर्तव्य परवडतं. गुलाम आणि मी, दोघांच्या मानेवरचा पाय एकच आहे हे ओळखणं हा स्वार्थ असेल तर असा स्वार्थ भरपूर वाढू दे. शिवाय याच कान्टनं 1764 साली काळ्या लोकांबद्दल जे लिहिलंय ते इथं सांगायला माझी लेखणी राजी नाही. माणूस साध्य आहे खरा, पण माणूस कोण, ही खिडकी त्यानं बंद ठेवलेली.

ॲरिस्टॉटलला मी मुद्दाम मागं ठेवला. वयानं सगळ्यांत मोठा, ख्रिस्ताच्या आधी चौथ्या शतकातला. त्याची नीती नियमांची नाही, हिशेबाचीही नाही, सवयीची आहे. धाडसी कामं करत करत माणूस धाडसी होतो, न्यायाची कामं करत न्यायी. हे आमच्या कसबासारखं आहे. धागा जोडायची युक्ती कुणी पुस्तकातून शिकत नाही, बोटं शिकतात. लँकेशायरला नेमकं हेच लागू पडतं. ते लोक 1862 ला एकाएकी थोर झाले नाहीत. मताच्या हक्कासाठी सह्यांचे गठ्ठे त्यांनी आधीच गोळा केले होते, युनियनी बांधल्या होत्या, 1844 ला रॉचडेलला विणकरांनी स्वतःचं सहकारी दुकान काढलं होतं. 1859 ला सारा पार्कर रेमंड नावाची काळी बाई मँचेस्टरला येऊन बोलून गेली होती. तुमच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्यांमागून गाड्या जाताना बघते तेव्हा मला ऐंशी हजार मळे आठवतात, आणि तो पिकवणाऱ्याला त्यातला एक सेंट मिळत नाही, असा तिच्या बोलण्याचा रोख. बुद्धानं सम्यक आजीविकेत माणसांचा व्यापार निषिद्ध सांगितलाय. रेमंडबाईनं तो प्रश्न आणखी पुढं रेटला. व्यापार तू करत नाहीस, पण त्या व्यापारातून आलेला कापूस कातून जगतोस, त्याचं काय?

तर ॲरिस्टॉटलची सवयीची नीती लँकेशायरला चपखल. आणि तोच ॲरिस्टॉटल त्याच्या राजनीतीच्या पहिल्याच भागात म्हणतो, की काही माणसं जन्मतःच गुलाम असतात, गुलाम म्हणजे जिवंत अवजार. तिथंच एक वाक्य टाकलंय, ते आपल्या धंद्याचं आहे. धोटा आपला आपण विणू लागला असता, तर मालकांना गुलामांची गरजच उरली नसती, अशा अर्थाचं. दोन हजार वर्षांनी धोटा खरंच आपला आपण विणू लागला. कार्टराइटचा माग आला, आणि 1793 ला सरकी काढायचं यंत्र आलं. मग काय झालं? गुलाम संपले? 1790 ला अमेरिकेत ते सात लाखांच्या आत होते, 1860 ला चाळीस लाखांना टेकले. माग जितका जोरात पळाला तितका कापूस जास्त लागला, जितका कापूस तितके गुलाम. यंत्र आलं की माणूस आपोआप मोकळा होईल असं सांगणारे आजही भेटतात. त्यांना मी हे दोन आकडे दाखवतो.

आपल्याकडं कापसाच्या त्या टंचाईत काय झालं? मुंबईचं सोनं झालं. वऱ्हाड-गुजरातचा कापूस मिळेल त्या भावानं इंग्लंडला गेला. लँकेशायरचे कामगार त्याला 'सुरत' म्हणत आणि शिव्या घालत. आखूड धाग्याचा, कचऱ्यानं भरलेला कापूस, सारखा तुटायचा, मजुरी अर्ध्यावर. मला त्यांच्या शिव्या समजतात. खराब कापूस लागला की रिंगवर पळून पळून पायाचे तुकडे पडतात. मुंबईत शेटजींनी बँका काढल्या, समुद्र बुजवायच्या कंपन्या काढल्या, आणि 1865 ला युद्ध संपताच सगळं फुटलं. शेतकरी कर्जात राहिला, आणि 1875 च्या पुणे-नगरच्या सावकारांविरुद्धच्या दंग्यांची एक मुळी या कापसाच्या भावातच सापडते. या साऱ्या धामधुमीत गुलामांचा विचार केला तो पुण्याच्या एका माळ्यानं. 1873 ला जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

मंडालेच्या तुरुंगात लिहून 1915 ला आलेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी मिल, कान्ट सगळे तपासलेत. अभ्यास दांडगा, हे कबूल. पण शेवटी येऊन थांबायचं ते स्वधर्मावर. लँकेशायरच्या माणसाचा स्वधर्म काय? कातणं. मग कात बाबा, निष्काम कात, कापूस कुठून आला ते तुझं काम नाही. हा मला सगळ्यांत धोक्याचा जबाब वाटतो.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबियात होते, ड्युईच्या हाताखाली शिकले. 1936 च्या 'जातिसंहारा'त त्यांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितलाय. नियम काय करायचं ते सांगतो, तत्त्व कसं पारखायचं ते देतं. नियम पाळणाऱ्यावर जबाबदारी नसते, तत्त्वानं वागणाऱ्यावर असते. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरच्या त्यांच्या लिखाणात, जे 1987 ला सरकारनं छापलं, त्यांनी धर्माला दोन कसोट्या लावल्या, न्यायाची आणि उपयुक्ततेची. म्हणजे कान्टवाले आणि मिलवाले ज्यावर शंभर वर्षं भांडले ती दोन्ही हत्यारं त्यांनी दोन हातांत घेतली. माणसाला न्याय देत नाही तोही नापास, समाजाच्या उपयोगी नाही तोही नापास. मला ही रीत पटते. मँचेस्टरच्या माणसापाशी नियम कुठलाच नव्हता. अशा वेळी काय करावं हे कुठल्या चर्चच्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. त्यानं पारखलं.

आणि या सगळ्या थोरांकडून, बाबासाहेब सोडून, एक गोष्ट सुटते. त्यांच्या हिशेबात गुलाम नुसता पडून आहे. त्याचं सुख मोजायचं, त्याला साध्य मानायचं, त्याच्याबद्दल करुणा करायची. तो स्वतः काय करत होता? डू बॉइस या काळ्या विद्वानानं 1935 साली लिहून ठेवलंय, की युद्धात गुलामांनी मळे सोडले, पाच लाखांच्या आसपास, आणि ती त्यांची सार्वत्रिक हरताळ होती. पावणेदोन लाखांहून जास्त काळे शिपाई उत्तरेकडून लढले. म्हणजे एकीकडं लँकेशायरचे पाच लाख हात रिकामे, दुसरीकडं मळ्यांतले पाच लाख हात कापूस टाकून चाललेले. याच डू बॉइसला बाबासाहेबांनी 1946 ला पत्र लिहिलं, आणि त्यांचं उत्तरही आलं.

आता मुंबई, 1928. गिरण्यांचा मोठा संप. विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथं अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे, आणि ज्या धोट्याला महाराचं तोंड लागलं त्याला मराठ्यानं तोंड कसं लावायचं? बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, तुमच्या मागण्यांत आमच्या विणकाम खात्याची मागणी घाला, नाहीतर आमचा पाठिंबा धरू नका. मागणी घातली गेली, नाखुशीनं. चार हजार मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या गुलामासाठी मँचेस्टरच्या विणकरानं भूक काढली. त्याला त्या गुलामाच्या उष्ट्या धोट्याला तोंड लावायचं नव्हतं, हेही खरं. मुंबईच्या विणकराला नुसतं शेजारच्या मागावर एका माणसाला उभं राहू द्यायचं होतं. त्याला उपाशी राहा असं कुणी म्हणत नव्हतं. 1938 च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बोलताना बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. दुसरं नाव युनियनीच्या सभांत नेहमी ऐकू यायचं. पहिलं घेतलं की पुष्कळ सोबती उठून बिडी ओढायला बाहेर जायचे.